जांभ्याचा खडा, अणूची घडण आणि शिक्षकाची साक्ष

(शब्बाथशाळा शिक्षक व तरुणसंघ यांच्यासाठी अभ्यासलेख)

शास्त्रपाठ : ईयोब १३:१-१२, स्तोत्र १९, कलस्सैकरांस १:१५-२०, इब्री ११:१-३.

पाठाचा उद्देश : अणूची घडण मुलांना नीट समजावी, आणि देवाच्या गौरवासाठी बोलतानाही सत्यच बोलावे हे त्यांच्या मनावर ठसावे.

साहित्य : जांभ्या दगडाचा एक लहान खडा, मिरीचा एक दाणा, कंगवा व कागदाचे कपटे.

प्रस्तावना

आपल्या मंडळ्यांतील मुले आठवी-नववीत गेली की त्यांच्या विज्ञानाच्या पुस्तकात अणूचा धडा येतो. त्याच वयात ती शब्बाथशाळेत अवघड प्रश्नही विचारू लागतात. त्यांतला एक प्रश्न असा : "सारख्या प्रभाराच्या वस्तू एकमेकींना दूर ढकलतात असे शाळेत शिकवले. मग अणूच्या पोटात इतके धनप्रभारी कण दाटीवाटीने एकत्र कसे राहतात?"

या प्रश्नाला एक तयार उत्तर पुष्कळ ठिकाणी ऐकू येते. काही उपदेशांत व पत्रकांतही ते आढळते. ते असे : "शास्त्रज्ञांना याचे कारण सांगता येत नाही. कलस्सैकरांस पत्र १:१७ मध्ये ते सांगितले आहे. ख्रिस्तच अणूला धरून ठेवतो, म्हणून तो फुटत नाही." हे उत्तर कानाला गोड लागते आणि ऐकणारे मान डोलावतात. परंतु त्यातील पहिले वाक्य खरे नाही. आणि एका खोट्या वाक्यावर टेकवलेले खरे वाक्यही डळमळू लागते. म्हणून हा पाठ. प्रथम आपण अणूची घडण पाहू, मग या उत्तराचा विचार करू.

पायाखालचा दगड

गोव्याच्या पेडणे तालुक्यात महाराष्ट्राच्या सीमेजवळ इब्रामपूर हे गाव आहे. त्या बाजूच्या गावांत किंवा खाली डिचोलीत राहणाऱ्याला जांभा दगड दाखवावा लागत नाही. घराच्या भिंतीचे चिरे जांभ्याचे, विहिरीचे बांधकाम जांभ्याचे, सड्यावर पायाखालीही जांभाच. हजारो पावसाळ्यांच्या पाण्याने मूळ खडकातील विरघळणारी द्रव्ये धुऊन नेली आणि मुख्यतः लोखंड व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे राहिली, म्हणून हा दगड तांबडा. डिचोली तालुक्यातील खाणींतून निघून बार्जींमधून मांडवी नदीने मुरगाव बंदराकडे गेलेले खनिज हेही लोखंडाचेच. त्यातील मुख्य खनिजात लोखंडाचे दोन अणू व प्राणवायूचे तीन अणू या प्रमाणात जोडलेले असतात.

वर्गाच्या आरंभी शिक्षकाने जांभ्याचा खडा मुलांच्या हाती द्यावा आणि विचारावे, "याचे तुकडे करीत गेलो, तर शेवटी काय उरेल?" मुले सांगतील : माती, पीठ, धूळ. मग सांगावे की त्या धुळीच्या एका कणातही लोखंडाचे असंख्य अणू आहेत. लोखंडाचे अणू एकाला एक लावून रांगेत ठेवले, तर एका मिलिमीटरच्या रेषेत सुमारे चाळीस लाख अणू बसतील.

शब्दांविषयी एक सूचना. मराठीत आपण मूलद्रव्याच्या लहानात लहान घटकाला अणू म्हणतो, आणि अणू जोडून झालेल्या घटकाला रेणू म्हणतो. हिंदी पुस्तकांत पहिल्याला परमाणु व दुसऱ्याला अणु म्हणतात. गोव्यातील पुष्कळ मुले पुढचे शिक्षण इंग्रजीत घेतात. तेव्हा कोणत्या शब्दाचा काय अर्थ, हे आरंभीच सांगून टाकावे, म्हणजे घोटाळा होणार नाही.

अणूच्या आत

अणू म्हणजे न फुटणारा कण, अशी समजूत फार काळ होती. इंग्लंडातील जॉन डाल्टन याने १८०८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्रत्येक मूलद्रव्याचे अणू निराळ्या वजनाचे असतात असे मांडले, आणि तेथून आजच्या अणुविज्ञानाचा पाया घातला गेला. १८९७ साली जे. जे. थॉमसन यांनी अणूहूनही लहान असा ऋणप्रभारी कण शोधून काढला. तोच इलेक्ट्रॉन. अणूलाही अवयव आहेत हे त्यामुळे कळले.

१९११ साली अर्नेस्ट रदरफर्ड यांनी दुसरी महत्त्वाची गोष्ट सांगितली. त्यांच्या प्रयोगशाळेत सोन्याच्या अतिशय पातळ वर्खावर धनप्रभारी कणांचा मारा करण्यात आला होता. बहुतेक कण वर्खातून सरळ पार गेले. पण काही थोडे एकदम मागे फिरले. यावरून रदरफर्ड यांनी अनुमान काढले की अणूचे बहुतेक सगळे वजन आणि सगळा धनप्रभार मध्यभागी एका अतिशय लहान जागेत साठलेला आहे. या जागेला केंद्रक म्हणतात. केंद्रकातील धनप्रभारी कणाला पुढे प्रोटॉन हे नाव मिळाले. १९३२ साली जेम्स चॅडविक यांनी केंद्रकातच राहणारा, प्रभार नसलेला न्यूट्रॉन शोधला.

आता आपल्या खड्यातील लोखंडाचा अणू घेऊ. त्याच्या केंद्रकात २६ प्रोटॉन आहेत. हा आकडा म्हणजे लोखंडाची ओळख. त्याला अणुअंक म्हणतात. २६ च्या जागी २७ प्रोटॉन असते तर ते लोखंड राहिले नसते, कोबाल्ट झाले असते. लोखंडाच्या बहुतेक अणूंत प्रोटॉनांबरोबर ३० न्यूट्रॉन असतात. सभोवार २६ इलेक्ट्रॉन असतात आणि त्यांची मांडणी आतून बाहेर २, ८, १४, २ अशी आहे. जितके प्रोटॉन तितकेच इलेक्ट्रॉन, म्हणून अखंड अणूवर बाहेरून प्रभार दिसत नाही.

पुस्तकातील चित्रात इलेक्ट्रॉन हे सूर्याभोवतीच्या ग्रहांप्रमाणे गोल कक्षांत फिरताना दाखवतात. ते चित्र समजुतीपुरते आहे. इलेक्ट्रॉन अमुक क्षणी अमुक ठिकाणी आहे असे ग्रहासारखे सांगता येत नाही. तो कोठे सापडण्याचा संभव किती, एवढेच सांगता येते. मोठ्या मुलांना हे जरूर सांगावे, म्हणजे पुढे महाविद्यालयात गेल्यावर त्यांना धक्का बसणार नाही.

मापाची कल्पना यावी म्हणून मिरीचा दाणा दाखवावा. लोखंडाचे केंद्रक त्या दाण्याएवढे धरले, तर सगळा अणू सुमारे १२० मीटर रुंद होईल. म्हणजे दाणा देवळाच्या अंगणात मध्यभागी ठेवला, तर अणूची कड चारही बाजूंना साठ-साठ मीटरांवर असेल. आणि त्या अवघ्या विस्ताराच्या वजनापैकी ९९.९ टक्क्यांहून अधिक वजन त्या एका दाण्यात असेल! एक प्रोटॉन १,८३६ इलेक्ट्रॉनांएवढा जड असतो. असे असूनही जांभ्याच्या भिंतीतून आपला हात आरपार जात नाही. इलेक्ट्रॉनांचे परस्परांना ढकलणे, आणि एका जागी एकाच अवस्थेत त्यांची गर्दी होऊ न देणारा निसर्गनियम, यांमुळे भिंत भिंतीसारखी राहते.

केंद्रक फुटत का नाही?

आता मुलांच्या प्रश्नाकडे येऊ. कोरड्या केसांतून कंगवा फिरवून तो कागदाच्या कपट्यांजवळ धरावा. कपटे उडून चिकटतात. ही विद्युत्प्रभाराची करामत. निराळ्या प्रभारांत ओढ असते, सारख्या प्रभारांत रेटा असतो. लोखंडाच्या केंद्रकात २६ धनप्रभारी प्रोटॉन इतक्या जवळ आहेत की त्यांचा परस्परांवरील रेटा प्रचंड असला पाहिजे. प्रश्न योग्यच आहे. १९११ नंतरची काही वर्षे शास्त्रज्ञांनाही त्याचे उत्तर ठाऊक नव्हते.

परंतु ते तेथे थांबले नाहीत. गोव्याचे खनिज वर्षानुवर्षे जहाजे भरभरून जपानकडे गेले. त्याच जपानातील हिदेकी युकावा यांनी १९३५ साली असा सिद्धान्त मांडला की प्रोटॉन व न्यूट्रॉन यांना एकत्र बांधणारे एक वेगळे बल आहे आणि ते एका विशिष्ट कणाच्या देवघेवीतून चालते. तसा कण १९४७ साली प्रयोगात सापडला, आणि १९४९ साली युकावांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९६४ साली असे मत मांडले गेले की प्रोटॉन व न्यूट्रॉन हेही मूळ कण नसून त्या प्रत्येकात तीन-तीन क्वार्क आहेत. नंतरच्या प्रयोगांनी त्याला पुष्टी दिली. क्वार्कांना बांधणाऱ्या बलाला आज प्रबल बल म्हणतात. केंद्रकाला एकत्र ठेवणारी ओढ ही त्याच बलाची बाहेर जाणवणारी बाजू आहे. प्रोटॉनचे बहुतेक वजनदेखील क्वार्कांच्या स्वतःच्या वजनातून नव्हे, तर त्यांच्या या बांधणीतील ऊर्जेतून येते.

केंद्रकात शेजारी शेजारी असलेल्या कणांमध्ये हे बल विद्युत् रेट्याच्या सुमारे शंभरपट असते. पण त्याचा पल्ला फार आखूड. शेजाऱ्यापलीकडे ते जवळजवळ पोचत नाही. विद्युत् रेटा मात्र दूरवर पोचतो. न्यूट्रॉन प्रभाररहित असल्याने रेट्यात भर घालत नाहीत, पण बांधणीला हातभार लावतात. म्हणून जड अणूंत न्यूट्रॉनांची संख्या अधिक लागते.

या ओढीच्या व रेट्याच्या हिशोबात लोखंडाचे स्थान विशेष आहे. सर्व मूलद्रव्यांतील अत्यंत घट्ट बांधलेल्या केंद्रकांत त्याची गणना होते. मोठ्या ताऱ्यांच्या पोटात हलकी केंद्रके जुळून जड केंद्रके बनतात व त्यातून ऊर्जा निघते. पण लोखंडाच्या गटापर्यंत येऊन पोचले की जुळणीतून ऊर्जा मिळणे संपते. आपल्या सड्यावरील व आपल्या रक्तातील लोखंड अशाच ताऱ्यांत आणि त्यांच्या स्फोटांत घडले. उलट, केंद्रक फार मोठे झाले की दूरवर पोचणारा रेटा वरचढ ठरतो. ८२ प्रोटॉनांच्या शिशापलीकडे कायम टिकणारे केंद्रक नाही. ९२ प्रोटॉनांचे युरेनियम फोडता येते, आणि त्यातील ऊर्जेवर १९६९ साली तारापूरचे वीजकेंद्र सुरू झाले. त्याच ऊर्जेने ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमा जाळले. लोखंडाचा शेजारी कोबाल्ट. त्याचा एक अस्थिर प्रकार कोबाल्ट-६० हा कर्करोगाच्या किरणोपचारात वापरतात. निसर्गाचे नियम तेच. त्यांचा उपयोग करणाऱ्याला मात्र देवासमोर जबाब द्यावयाचा आहे.

देवासाठी असत्य बोलावे काय?

आता त्या तयार उत्तराकडे वळू. "शास्त्रज्ञांना ठाऊक नाही" हे म्हणणे आज खरे नाही. आपल्या वर्गातील मुलगी ते ऐकून घरी जाईल आणि तिला आपल्या शिक्षकांचा अभिमान वाटेल. दोन-तीन वर्षांनी ती अकरावी-बारावीत जाईल, आणि प्रबल बलाचा धडा तिच्यासमोर उघडेल. त्या दिवशी ती काय समजेल? शब्बाथशाळेत सांगितलेली अणूची गोष्ट खोटी होती, एवढ्यावरच ती थांबेल असे नाही. त्याच शिक्षकांनी, त्याच वर्गात, त्याच आवाजात तिला रिकाम्या कबरेची गोष्ट सांगितलेली असते. ती गोष्टही तशीच असेल काय, अशी शंका तिच्या मनात शिरली तर दोष कोणाचा? विज्ञानाने तिचा विश्वास हिरावला, असे मग आपण म्हणू. पण तिच्या विश्वासाखालचा चिरा आपणच कच्चा बसवलेला असेल.

ईयोबाच्या तेराव्या अध्यायात याविषयी मोठी ताकीद आहे. ईयोबाचे मित्र देवाची बाजू घेऊन बोलत होते. त्यांचा हेतू भक्तीचा होता. तरी ईयोब त्यांना विचारतो की, तुम्ही देवाच्या वतीने अन्यायाचे व कपटाचे बोलणार काय? आणि ग्रंथाच्या शेवटी, बेचाळिसाव्या अध्यायात, देवाचा राग त्या मित्रांवरच होतो. देवाला आपल्या अतिशयोक्तीच्या आधाराची गरज नाही. जो स्वतः सत्य आहे, त्याची साक्ष असत्याने देता येत नाही.

दुसरा धोका याहून सूक्ष्म आहे. जेथे माणसाला कारण कळत नाही तेथे देव आहे असे आपण शिकवले, तर जेथे कारण कळते तेथे देव नाही असेही आपण नकळत शिकवतो. मग प्रत्येक नव्या शोधाबरोबर देवासाठी उरलेली जागा आकसत जाते. आपली शेतकरी मंडळी असे मानत नाहीत. समुद्रावरून वारे येतात, सह्याद्रीला अडतात आणि पाऊस पडतो, हे पेडण्यातील प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. तरी भात घरात आले की ख्रिस्ती शेतकरी हंगामाच्या उपासनेत देवाचे आभार मानतो. वाऱ्याचे कारण कळले म्हणून त्याने उपकारस्तुती बंद केली नाही. तोच न्याय अणूला लावावा.

मग कलस्सैकरांस पत्राच्या त्या वचनाचा अर्थ काय? तेथे अणूच्या घडणीची माहिती दिलेली नाही. कलस्सैच्या मंडळीत असे शिक्षण शिरले होते की ख्रिस्ताखेरीज निरनिराळ्या शक्तींना व अधिपतींनाही भजले पाहिजे. त्यावर प्रेषित सांगतो की दृश्य आणि अदृश्य असे जे काही आहे ते सर्व ख्रिस्ताच्या द्वारे निर्माण झाले, आणि सर्व काही त्याच्या ठायी टिकून आहे. म्हणून दुसऱ्या कशाचेही भय बाळगण्याचे कारण नाही. "सर्व काही" म्हटल्यावर त्यात केंद्रकही आले, प्रबल बलही आले आणि त्या बलाचा नियमही आला. ख्रिस्त हा नियमाच्या ऐवजी काम करणारा हात नव्हे. नियमच त्याचा आहे. प्रबल बल समजले म्हणून हे वचन रद्द होत नाही, आणि समजले नसते म्हणून सिद्धही झाले नसते.

इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायाचेही तसेच. दिसणारे हे दिसणाऱ्या वस्तूंपासून झाले नाही, असे तेथे म्हटले आहे. यात अणूंचे भाकीत आहे असे काही जण सांगतात. पण लेखक तेथे अणूंविषयी नव्हे, तर देवाच्या शब्दाने विश्व घडले याविषयी बोलत आहे. वचनाला त्याचा स्वतःचा अर्थ बोलू द्यावा. त्यावर दुसरा लादू नये.

आधी चाललेली वाट

विश्वास व विज्ञान यांची सांगड घालणारे आपण पहिलेच नव्हे. डाल्टन हे क्वेकर पंथाचे साधे शिक्षक होते. बारा वर्षांच्या कोवळ्या वयातच त्यांनी शिकवण्यास आरंभ केला. इलेक्ट्रॉनवर आदळून क्ष-किरण कसे बदलतात हे दाखवून १९२७ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे आर्थर कॉम्प्टन हे एका प्रेस्बिटेरियन पाळकाचे चिरंजीव. ते १९२६ साली लाहोरला येऊन राहिले होते. आपल्या मराठी मंडळीतही ही परंपरा जुनी आहे. १८४२ साली त्या वेळच्या अहमदनगरात अमेरिकन मराठी मिशनने 'ज्ञानोदय' सुरू केला, तेव्हा धर्माबरोबर विज्ञानाचे विषयही त्याच्या पानांत येत असत. सृष्टीचे ज्ञान वाढले तर देवाचा महिमा कमी होईल, अशी भीती त्या संपादकांना वाटली नाही. एकोणिसाव्या स्तोत्राच्या पहिल्या भागात आकाश देवाचा महिमा सांगते आणि दुसऱ्या भागात देवाचे नियमशास्त्र. दोन्ही एकाच स्तोत्रात आहेत, हे विसरू नये.

शिक्षकांसाठी सूचना

१. प्रश्नाचे उत्तर माहीत नसेल तर "पाहून पुढच्या रविवारी सांगतो" असे म्हणावे, आणि खरोखर सांगावे. यात शिक्षकाचा मान कमी होत नाही. मुले यातूनच प्रामाणिकपणा शिकतात.

२. मंडळीत विज्ञान शिकवणारे कोणी असतील तर त्यांना एखाद्या रविवारी वर्गावर बोलवावे.

३. "विज्ञानाला हे कधीच कळणार नाही" हे वाक्य वर्गात वापरू नये.

४. ज्या गोष्टी विज्ञानाच्या मापात येत नाहीत त्या स्पष्ट सांगाव्या. लोखंडात २६ प्रोटॉन आहेत हे विज्ञान सांगेल. त्या लोखंडाचा नांगराचा फाळ करावा की तलवार, हे यशयाच्या दुसऱ्या अध्यायात शोधावे लागेल.

मननासाठी प्रश्न

१. लोखंडाच्या अणूत प्रोटॉन, न्यूट्रॉन व इलेक्ट्रॉन किती? त्यांपैकी कोणता आकडा त्याला लोखंड ठरवतो?

२. प्रोटॉन परस्परांना ढकलत असूनही केंद्रक एकत्र का राहते? फार मोठी केंद्रके का टिकत नाहीत?

३. ईयोबाच्या मित्रांचा हेतू चांगला असूनही देवाला त्यांचे बोलणे का आवडले नाही? आपल्या बोलण्यात असे केव्हा घडते?

४. कारण कळलेल्या कोणत्या गोष्टीबद्दल तुम्ही या आठवड्यात देवाचे आभार मानाल?

प्रार्थना

हे प्रभो, जांभ्याच्या कणाला व ताऱ्याला तू एकाच नियमाने घडवलेस. आम्हांला खरे शिकण्याची आवड दे, न कळलेले कबूल करण्याची नम्रता दे, आणि तुझ्या लहानांसमोर उभे राहताना आमच्या तोंडी सत्यच असू दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.